अण्णांच्या नंबरवरून आलेली फाईल

मंडळी, दारात उभे आहेत त्यांनीही आत या. थोडं सरकून बसा. मला फार बोलता येणार नाही, आणि बोलल्याशिवाय खाली बसताही येणार नाही.

मी सिद्राम. सोलापुरात, भवानी पेठेत माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका मी छापतो, निधनाची कार्डंही मीच करतो. आयुष्यात एवढी कार्डं केली, पण 'मल्लिनाथअण्णा' ही अक्षरं टाइप करताना हात पुढे जाईना.

अण्णा मैंदर्गीचे. घरी कन्नड, दुकानात मराठी. टॉवेलवाल्यांच्या ऑफिसातले जुने, रडतखडत चालणारे कॉम्प्युटर ते उचलून आणायचे, त्यातलं चोरीचं सॉफ्टवेअर सगळं पुसायचे आणि लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम घालायचे. मी एकदा म्हणालो, फुकटातलं काय चालणार, अण्णा? तर म्हणाले, "फुकट हाय म्हनून न्हाय घालत. उगडून बगता येतंय म्हनून घालतोय. ह्यात काय लिवलंय ते जगातला कुनीबी वाचू शकतो. चोराला लपायला जागा कमी."

एका सकाळी माझ्या सगळ्या फायलींना कुणीतरी बाहेरून कुलूप घातलं होतं. एकही पत्रिका उघडेना. मी डोक्याला हात लावून बसलो. अण्णांनीच माझ्या मागे लागून सगळ्या फायलींची नक्कल असलेली एक डिस्क घरी ठेवायला लावली होती. ती आणून त्यांनी दुपारपर्यंत छापखाना चालू केला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता तरी ऐकशील की."

मी ऐकलं नाही, मंडळी. तेच सांगायला उभा आहे. ऐकून तुमच्यातले काही जण चिडतील. चिडा.

अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी कुणाचा तरी फोन आला. "काकांचा नंबर बंद करायचाय, मोबाइलवर सहा आकडे आलेत तेवढे सांगा." घर माणसांनी भरलेलं, वहिनींना शुद्ध नाही. कुणीतरी आकडे सांगितले. कुणी सांगितले ते विचारू नका. त्या घरात तेव्हा मी असतो तर मीही सांगितले असते. ते आकडे म्हणजे अण्णांच्या व्हॉट्सॲपची किल्ली होती; त्या क्षणापासून अण्णांच्या नावानं कुणी परकाच माणूस निरोप पाठवतोय.

काल सकाळी मला अण्णांच्या नंबरवरून फाईल आली. नाव होतं 'शोकसभा निमंत्रण'. मला वाटलं, घरच्यांनी पाठवली. आपल्याकडे मयताची पत्रिका न उघडता कोण बाजूला ठेवतो? ठेवलं तर बरं दिसतं का? मी उघडली. फोननं विचारलं, हे ॲप टाकू का? हो म्हणालो. मेसेज वाचू देऊ का? हो. नंबरांची यादी देऊ का? हो. दुःखात माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

ती पत्रिका नव्हती. पाच मिनिटांत तीच फाईल माझ्या फोनवरून सगळ्या ओळखीत गेली. आणि माझ्याकडून आलेलं निधनाचं कार्ड सोलापुरात कोण उघडत नाही? माझ्या धंद्याची एवढी वर्षांची ओळख त्या चोराच्या कामी आली.

आता खरी चूक सांगतो. सकाळीच एका गिऱ्हाईकानं फोन करून विचारलं, "सिद्राम, हे काय पाटवलंस रे?" तेव्हाच मला कळलं. तेव्हाच फोन बंद करून पुसायला हवा होता. मी पुसला नाही. त्यात अण्णांचा आवाज आहे. अकरा सेकंदांचा. "सिद्राम, दुपारी येतो, च्या ठेव. आनि ती डिस्क काडून ठेव, लई दिवस झालं बगितली न्हाय." एवढंच. छापखान्याचं सगळं मी दोन ठिकाणी ठेवलं, हा आवाज एकाच ठिकाणी राहिला. तो बाहेर काढायचा तर बरोबर काय येईल, मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्या फोटोला हार घातलाय.

म्हणून संध्याकाळी फोन बंद करेपर्यंत मी तसाच बसलो. फोन चालू. तो आवाज ऐकत. आणि तेवढ्या वेळात फाईल जात राहिली. तुमच्याकडे, तुमच्या पोरांकडे.

मला भीती वाटतेय, मंडळी. रात्री झोप नाही. कुणाचे मेसेज कोण वाचत असेल? कुणाच्या बँकेचे आकडे कुणाला दिसत असतील? मला माहीत नाही. ते माहीत नसणं फार वाईट आहे.

आत्ता कुणाचा तरी फोन वाजला. उघडू नका. नुसतं नाव बघा, कुणाचं आहे?

बघा. अण्णा इथं हार घातलेल्या फोटोत आहेत, आणि निरोप त्यांच्याच नावानं येतोय.

ज्यांनी ती फाईल उघडली, त्यांनी लाजू नका. मीही उघडली. घरी गेल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला, सायबर पोलिसांना सांगा. आणि कुठलीही पत्रिका आली की आधी त्या घरी फोन लावून विचारा. त्यात अपमान नाही. अण्णांच्या नंबरला उत्तर देऊ नका. वहिनी, हे तुमच्यासमोर बोलावं लागतंय, माफ करा. पण तो नंबर आता आपला राहिला नाही.

आता सगळ्यांनी फोन बाहेर काढा. विमानाचं चित्र दिसतं ना, ते बटण दाबा. शेजाऱ्याला जमत नसेल तर दाबून द्या. झालं?

माझाही फोन हातात आहे. विचारतोय, सगळं पुसायचं का. काल दिवसभर मी याला नाही म्हणत होतो.

उभे राहा. हा फोन कोरा होईपर्यंत कुणी बोलू नये, एवढंच मागणं आहे.

अण्णा, दाबतो.