एक बाही बाकी

मित्राचं पत्र उन्हाळाभर टेबलावर पडून होतं. "पोटातला कॅन्सर हाडांत गेलाय," त्यानं लिहिलं होतं. "सांत्वन नको, दुसरं काहीही लिही." मी लिहायचो आणि फाडायचो.

परवा गुडघ्याच्या एक्स-रेसाठी बसलो होतो. शेजारी हाडांच्या स्कॅनसाठी आलेला एक शिंपी होता, सोबत त्याचा मेहुणा.

"दाजी, बाटली संपवा. स्कॅनआधी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय."

"आयुष्यभर तुझ्या बहिणीनं पाणी पाजलं, आता तू पाज."

"पण पोटातलं सुरुवातीचंच होतं ना? डाळीच्या दाण्याएवढं?"

"होतं की."

"मग हाडांत कसं शिरलं?"

"तुझ्यासारखं. दारात थांब म्हटलं, की थेट स्वयंपाकघरात."

"चेष्टा पुरे. ताईला काय सांगू?"

"खरं सांग. रडून घेऊ दे. मग माझ्याशी भांडायला पाठव."

"आणि माझा कोट?"

"होतोय."

"माझ्या लग्नासाठी शिवायला दिलेला कोट आहे तो! पोरगी कॉलेजात गेली!"

"एकच बाही राहिलीय."

"मग लावा ना एकदाची!"

"खुळा आहेस. गिऱ्हाइकाचं काम अर्धं टाकून मी कधी कुठे गेलोय का?"

"...नाही."

"मग?"

"मग राहू द्या, दाजी. मला तशी काही घाई नाही."

घरी जाताना पोस्टात कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: "तुझं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय. हवं असेल तर भांडायला ये."

खोडाखोड सुचायच्या आत पेटीत टाकलं.