मूर्तीची मागची बाजू

चंदनाच्या मूर्तीचं नाव काढलं की मले आमचा मामा आठवते. मामा पेंटर. घाटंजीच्या आमच्या विहारातली सिमेंटची मूर्ती दर बुद्धपौर्णिमेले तोच सोनेरी करे, एक पैसा न घेता. यंदा मोहल्ल्यानं वर्गणी करून चंदनाची कोरीव मूर्ती आणली, पण मामाले सांगाचं सारेच भुलले. पौर्णिमेच्या सकाळी जाऊन पाहतो तं मूर्ती चकचकीत सोनेरी!

"मामा, हे काय केलं?"

"वरडतं कायले? लाकूड उघडंच ठेवलं होतं तुमी. दोन हात मारले."

"अहो, चंदन होतं ते! वास नाही आला तुमाले?"

"तीस वर्षं टर्पेंटाइन हुंगून राह्यलो बाबू, मले कायचा वास येते!"

तेवढ्यात भंतेजी आले. म्हणाले, "चंदनाची मूर्ती ना? मग सुगंध कुठे आहे?"

आमी सारे मामाकडे पाहू लागलो. मामा मात्र ताडकन उठला, मूर्ती भिंतीपासून जराशी ओढून मागं गेला अन् तिकडूनच वरडला, "भंतेजी, इकडून या!"

मूर्ती भिंतीले टेकून राह्यते म्हणून मामानं जन्मात कधी मागून ब्रश लावला नव्हता. पाठ कोरीच होती. भंतेजींनी नाक जवळ नेलं अन् हसतच सुटले.

आता मूर्ती भिंतीपासून पुढंच ठेवली आहे. लोक समोरून वंदन करतात अन् मागं जाऊन वास घेतात. अन् मामा गावभर सांगत फिरते, "पाठ मी मुद्दाम सोडली होती!"