वत्सलाबाईंनी वाचलेलं पान

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपण चोरी केली नाही, पण दुसऱ्याचा माल आपसूक आपल्या हातात आला — तर काय करायचं? अहो, लगेच माना डोलवू नका! आधी ऐका!

कऱ्हाडच्या वत्सला नाडगौडा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. गिऱ्हाईक नसलं की दुकानातच लेकीपुढे बुद्धिबळाचा पट मांडायचे. नवव्या वर्षी लेकीनं बापाला हरवलं! बापानं काय केलं? दुकान बंद करून आळीभर पेढे वाटले! स्वतः हरल्याचे पेढे! पेटीवाले, तुम्ही वाटाल का? — बघा, हसतात, पण हो म्हणत नाहीत!

मग काय! तालुका झाला, जिल्हा झाला. वकील, प्राध्यापक — सगळे पटावर आडवे! राज्याचा करंडक तेवढा हुलकावणी देत होता. दोनदा शेवटच्या फेरीत हातचा गेला. तिसऱ्या वेळी सोलापूरला शेवटच्या फेरीत समोर आले भालचंद्र अवचट. अकोल्याचे पोस्टमास्तर, करडा माणूस! दोघांचे गुण सारखे. जो जिंकेल, करंडक त्याचा!

सकाळी नवाला बसले ते एक वाजला तरी निकाल नाही. त्या काळी अशी पद्धत, की डाव अर्धा राहिला तर पुढची चाल कागदावर लिहायची, पाकिटात घालून पंचांकडे द्यायची. ती मग बदलता येत नाही. अवचटांनी चाल लिहिली, पाकीट दिलं. उरलेला डाव चार वाजता!

वत्सलाबाई धाकट्या बहिणीला, शकूला, घेऊन खाणावळीत गेल्या. बाकावर एक काळी वही पडलेली. कुणाची म्हणून उघडली — आणि अंगावर काटा! पानावर त्यांचाच डाव! अवचट नुकतेच तिथे जेवून गेले होते. पाकिटातली चाल आणि तिच्यापुढच्या पाच, ओळीनं लिहिलेल्या!

तुम्ही-आम्ही बघितलं असतं तर आमटीचा डाग तेवढा दिसला असता. वत्सलाबाईंना काय दिसलं? चौथ्या चालीला अवचटांचा हत्ती खाली येतो — आणि तिथेच भोक! घोड्याचा शह बसतो, हत्ती फुकट जातो. करंडक समोर, मंडळी! हात लांब करायचा अवकाश!

शकूनं कानाशी तोंड नेलं. "अक्का, ठेव मिटून. आपण काही बघितलं नाही. देवानंच धाडलीय ही वही!"

घ्या! नको ते करायचं झालं की देवाचं नाव पुढे! देव काय खाणावळीत वह्या विसरत हिंडतो?

वत्सलाबाई ताटातला भात नुसता कालवत राहिल्या. तीन वर्षांची मेहनत! दुकानात वाट बघणारे वडील! शेवटी ताटावरून उठल्या. "शकू, वही ते विसरले. पण वाचली मी."

चारला दहा कमी असताना त्यांनी वही अवचटांपुढे ठेवली. "ही तुमची. मी वाचलीय. सगळ्या चाली वाचल्यात."

पंचांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. "बाई, यात नियम मोडत नाही. खेळा तुम्ही."

"पुस्तकात नसेल," बाई म्हणाल्या, "पण यांना कळायला हवं."

अवचट लालबुंद! चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे चूक सापडली तर!"

बाई पटावरची प्यादी सारखी करू लागल्या. पण चेहरा कुठे लपवणार?

पाकीट फुटलं. लिहिलेली चाल झाली. आणि अवचट विचारात पडले — चाळीस मिनिटं! हत्ती जागचा हलवलाच नाही. राजा पुढे काढला! शकूनं कपाळाला हात लावला. बाई चिवटपणे लढल्या, घोडा नाचवला, प्यादं प्याद्याला भिडवलं — एकसष्टाव्या चालीला राजा आडवा ठेवला. हरल्या!

तुम्हाला वाटलं, देवानं जिंकवलं असेल? नाही हो! हरल्या, आणि हॉटेलच्या खोलीत हमसून हमसून रडल्या. कऱ्हाड येईपर्यंत शकू खिडकीकडे तोंड करून बसली. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पट मांड."

पुढच्या वर्षी त्याच अवचटांना त्यांनी अठ्ठावीस चालींत गुंडाळलं! करंडक आणला. एकदा नाही, पाच वर्षं ओळीनं! पण मंडळी, करंडक पुष्कळांना मिळतात. बाईंना मिळालं ते ऐका. त्यांच्याशी डाव अर्धा राहिला, की समोरचा खेळाडू आपली वही पटाशेजारी उघडी टाकून खुशाल चहाला निघून जायचा! हा मान कुठल्या समारंभात देतात, सांगा मला!

आता तुमच्याकडे येतो. इथून घरी जाल. कुणाच्या ताब्यात भावाच्या वाटणीचे कागद असतील, कुणाच्या कानावर शेजारणीचं गुपित आलं असेल. कुणी बघणार नाही, कुणी विचारणार नाही. अशा वेळी तुमच्या भरवशावर कोण निर्धास्त चहाला जाईल? मला सांगू नका. मीही आज माझी अशी माणसं मोजणार आहे — आणि खरं सांगतो, मला धास्ती वाटते! चला, टाळ उचला, हरीचं नाव घ्या. ते घेताना तरी लपवायला काही नसू दे!