कोट अंगावरच राहू दे

माझा जन्म पनवेलच्या खाडीकाठचा. आमचा गाव आता सहज दिसत नाय, चारी बाजूंनी बिल्डिंगी आणि मध्ये आमची घरं कोंबलेली, पण तेव्हा मिठागरं होती आणि मिठागरात राबणारा माझा बाप होता आणि मला राबायचं नव्हतं, म्हणून मी फौजेत गेलो. देशासाठी वगैरे नाय, खोटं कशाला बोलू, मीठ पायाला चावायचं म्हणून गेलो. संगती बाजूच्या घरातला हसुराम. भरतीच्या रांगेत आमी एकापाठी एक उभे होतो, त्यामुळं आमचे फौजी नंबरपण एकापाठी एक लागले. रांगेत पुढं मी आणि पाठी हसुराम, असं मी आख्ख्या गावाला चाळीस वर्षं सांगत आलो, एका नंबरानं का होईना मी तुझा सीनियर, जा, चहा आण. आणि तो बिचारा आणायचा. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

मी ड्रायव्हर झालो, पुरी नोकरी करून पेन्शन घेऊन आलो. हसुरामचा बाप वारला, घरी करणारं कोणी नाय, म्हणून तो नऊ वर्षांत फौजेतून नाव कमी करून परत आला, त्याला पेन्शन नाय. त्याच्याकडं काय, तर एक डिस्चार्ज बुक. काय सांगू तुमाला, आमच्यासारख्याचा सगळा जन्म त्या वहीत असतो, हा फौजेत होता, हा त्याचा नंबर, ही त्याची बायको. पेन्शनवाल्याचे कागद बँकेत तरी सापडतात, बाकीच्याचं जे काय हाय ते बुकात. माणूस गेला की अंत्यविधीची मदत, पाठी राहिलेल्या बाईला म्हातारपणाची मदत, कुठंही जा, पहिलं म्हणतात बुक आणा. हे गावात सगळ्यांना कोण सांगायचं, तर मी. कोणी माजी सैनिक गेला की महादू नायकाला बोलवा, त्याला सगळं कळतं. लई कळतं मला.

एके दिवशी सकाळी हसुराम अंगणात दात घासता घासता बसला तो उठलाच नाय. मी धावत गेलो आणि तिथंच कारभार हातात घेतला. सुगंधावैनी, म्हणजे त्याची बायको, रडत होती, तरी तिला बोललो, वैनी, आधी बुक काढा, गर्दीत गेलं तर संपलं. तिनं कपाटातून काढून माझ्या हातात दिलं, बोलली भावोजी, तुमच्यापाशीच ठेवा. आता आमचे दोघांचे कोट सारखेच, माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी एकाच टेलरकडं एकाच दिवशी शिवलेले निळे कोट. मी घालून गेलो होतो आणि गरम झालं म्हणून काढून ठेवला होता. खुंटीवर निळा कोट दिसला, त्याच्या आतल्या खिशात मी बुक सरकवलं आणि वरून थोपटलंपण. माझा कोट खुर्चीवर होता हो. खुंटीवरचा हसुरामचा.

मग मीच बोललो, फौजी माणूस हाय, कोटातच जाईल. वैनीनं खुंटीवरचा काढून दिला, तिला तिच्या माणसाचा कोट बरोबर कळला. खुर्चीवरचा कोणीतरी माझ्या हातात दिला, तो मी न बघताच अंगात घातला. सरणावर ठेवल्यावर त्याचा चुलता बोलला, महादू, कोट काढ रे, टेरीकाटचं कापड हाय, अंगाला चिकटंल. मी ओरडलो त्या म्हाताऱ्यावर, अण्णा, तुमाला फौजेतलं काय कळतं, कोट अंगावरच राहू दे. राहू दिला. अग्नी दिला, मी कडक सॅल्यूट मारला, आणि हात खाली आणताना सहज खिसा चाचपला. खिशात माझ्या चष्म्याचं घर. दुसऱ्या खिशात काडेपेटी. समोर जाळ चांगला पेटलेला. मी जे काय रडलो, लोक बोलले दोस्ती असावी तर अशी.

आता इथं कोणीपण शहाणा माणूस तिथल्या तिथं बोलला असता. मी नाय बोललो. दहाव्यानंतर वैनीनं विचारलं, भावोजी, बुक? मी बोललो तुमालाच तर परत दिलं ना त्या गडबडीत. ती बाई आठ दिवस घर उपसत होती, आणि मी तिच्या संगती उपसत होतो. गाद्या उचलल्या, तांदळाचं पिंप उपडं केलं, माझ्याच पापासाठी मी माळ्यावर चढलो आणि तिथून पडलो, ही बघा खूण. ती हळद लावायला आली, बोलली, तुमी किती करता आमच्यासाठी. मला वाटलं, गेलेल्या माणसाच्या जागी मीच गेलो असतो तर बरं होतं.

बाईची हालत सांगतो. जमीन सरकारनं कधीच घेतली, तिचे आलेले पैसे घरात आणि पोरीच्या लग्नात गेले, पोर उरणला नांदते. वैनी पनवेलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, गुडघे गेलेत, बसली की दोघींनी उठवावी लागते. तिला त्या मदतीचाच आसरा होता.

अलिबागच्या सैनिक कल्याण ऑफिसात गेलो दोघं. तिथला क्लार्क भला माणूस. बोलला, बुक नसंल तर नंबर द्या, आमी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून विचारतो, नुसत्या नावावर काय शोधणार. नंबर कुठून आणू? ट्रंकेवर रंगवलेला होता, खारी हवा खाऊन गेली. मेडलच्या कडेला नंबर कोरलेला असतो, पण ते घर बांधताना कुठं गेलं देव जाणे. क्लार्क बोलला, संगती भरती झालेलं कोणी हाय? वैनीनं माझ्याकडं बघितलं. माझा नंबर मी झोपेतपण सांगंन. आता पुढचा सांगायचा की पाठचा? आणि वैनी बाजूला बसलेली, क्लार्कचं पेन तयार, आणि माझ्या तोंडातून निघालं, मी पुढं होतो साहेब, तो पाठी, माझ्या नंबरात एक मिळवा.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तो नंबर दुसऱ्याच माणसाचा, दुसऱ्या जिल्ह्यातला, जिवंत हाय. वैनी दारात खाली बसली. माझ्याकडं बघत राहिली, म्हणजे मी अजून काय तरी करीन म्हणून. त्या रात्री मी जेवलो नाय.

दुसऱ्या दिवशी गेलो. ती अंगणात सुकट निवडत होती. म्हटलं आधी बारकं पाप सांगू, मग मोठं. बोललो, वैनी, रांगेत पुढं हसुराम होता. डॉक्टरला घाबरून मी त्याच्या पाठी लपलेलो, त्याचा शर्ट धरून. चाळीस वर्षं खोटं बोललो. नंबर एक कमी करायचा होता.

ती निवडता निवडता बोलली, “मला ठावं हाय. ते लग्नाच्या सालीच बोलले, पुढं मीच होतो, पण महादूला बोलू नको, त्याला सीनियर राहू दे.”

मग अलिबागला का नाय बोललात, मी विचारलं. तर बोलली, तुमी इतकं ठासून सांगितलं, मला वाटलं आमच्या ह्यांनीच मला गमतीत सांगितलं असंल.

मग मी कोटाचं सांगितलं. सगळं, खुंटी, खुर्ची, अण्णावर ओरडलो ते. तिचा हात थांबला. शिव्या दिल्या असत्या, सुकटीची पाटी डोक्यात घातली असती तर मी मोकळा झालो असतो. ती बोलली, “तुमचं बुक आणून द्या इथं. आजच.”

नेऊन दिलं. तिनं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि कपाटात, जिथं हसुरामचं होतं तिथं ठेवलं, चावी कमरेला. आमच्या मंडळींना बोलली, तुझा माणूस गेला की माझ्याकडं ये, त्याच्यापाशी कागद नको.

दुसरा अर्ज गेलाय, नंबरातून एक वजा करून. तीन महिने झाले, उत्तर नाय. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात आणि ती तिच्या दारात, दोघं एकमेकांकडं बघत नाय. मध्ये कोणी तिसरा उभा होता का त्या रांगेत, तेवढं मी आठवत बसतो. शर्ट धरला होता तो हसुरामचाच, एवढं हाताला आठवतं.

आणि तुमी लिवताय तर हे पण लिवा. माझी वेळ येईल तेव्हा मला साध्या कपड्यात न्या. आणि अग्नी द्यायच्या आधी माझे खिसे बघा, सगळे.