आभार कशाचे मानू?

केंटकीतल्या आमच्या गावात टॉर्नेडो येऊन गेल्याला आठवडा झाला होता. नाताळच्या आदल्या दिवशी चर्चमधल्या सूपच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

“व्हर्लीन, पास्टर म्हणतात, उद्या सगळ्यांपुढे उभी राहून देवाचे आभार मान. गल्लीत माझं एकटीचंच घर वाचलं ना.”

“मग मान की!”

“अगं, माझं त्यानं वाचवलं म्हटलं, तर तुझं कुणी पाडलं?”

“मला काय विचारतेस, नडीन? त्यालाच विचार.”

“विचारलं. गप्प बसलाय.”

“मी मात्र रोज आभार मानते बाई.”

“तू? कशाबद्दल?”

“तेच तर कळत नाही. तुझ्या सोफ्यावर पाठ टेकली, की आपोआप तोंडातून निघतं.”

“आणि मग रडतेस. ऐकू येतं मला.”

“मग नाही गं. दोन्ही एकदमच येतं.”