लाइट आली तेव्हा सर मीटिंगमध्ये होते

घरून काम म्हणजे आराम, असं मला कोणी सांगू नका. परवा भर दुपारी आमच्या घोडपदेवच्या चाळीत लाइट गेली आणि वायफायही गेलं. मोबाइलच्या नेटवर कशीबशी मीटिंगला घुसले. चार वर्षांची ओवी मांडीवर, घामाने चिकटलेली, सारखी विचारतेय, "आई, पंखा कधी?"

आमचे सर परळच्या टॉवरमध्ये राहतात. म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट मागितला की नेमकी तुमच्याकडेच लाइट जाते."

सगळी टीम ऐकत होती. माझं टाळकंच सटकलं. "सर, म्हणजे मी खोटं बोलतेय का?"

तेवढ्यात पंखा फिरला आणि नेहमीप्रमाणे चारही माळ्यांवरची पोरं, बाया, म्हातारे एकदम ओरडले, "आलीऽऽऽ"

ओवी तर माइकला तोंड लावून ओरडली. आणि पाठोपाठ लॅपटॉपमधून सरांचा आवाज, "आलीऽऽऽ"

सर खाकरले. "सवय हो. लहानपण लालबागच्या चाळीत गेलं."

ओवीने विचारलं, "काका, तुमच्या टॉवरमध्येपण लाइट जाते?"

"नाही जात गं," सर म्हणाले. "म्हणून तर इतकी वर्षं ओरडायला मिळालं नाही."