देवरहाटीची फळी

मिरजोळ्याच्या एसटीच्या रांगेत राजश्रीच्या पुढे एक म्हातारा-म्हातारी उभी होती, गोणपाटात गुंडाळलेली फळी सांभाळत.

“अवो, फळीच्या कारखान्यात जाऊन इचारणार काय?”

“ह्यात आपल्या देवरहाटीचा लाकूड हाय काय, ता. वादळात पडलेल्या फांद्या त्यांच्याच टेम्पोतनं गेल्या.”

“आपला पोरगा सागर तिथंच कामाला. तो सांगतो, फांद्यांचा भुसा केला, प्लास्टिकात शिजवला. आता ता लाकूड नाय.”

“मग प्लास्टिक?”

“ता पण नाय, म्हणतो.”

“देवाच्या रानातली काटकी घरात आणू नये गो. आणि सागर घराला ह्याचा दार बसवायला निघालाय!”

“गुरवानं कौल लावलान ना?”

“लावलान. फूल उजवीकडं पडेना, डावीकडं पडेना. गुरव म्हणाला, देवालाच उमगत नाय.”

“भुश्यात देव रवतो काय वो?”

“मला काय इचारतंस!”

रांग पुढे सरकली तसा राजश्रीचा पाय फळीला लागला. काही कळायच्या आत तिनं वाकून फळीला हात लावला आणि कपाळाला टेकवला.

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली.

“बाय, नमस्कार केलात तो कुणाला?”